परवाचं टेबल

अहो, तुमच्या दहाव्याला आलेली एकूण एक बाई मी निरखून पाहिली. रडून रडून डोळे सुजले होते, समोरचं धड दिसत नव्हतं, तरी पाहिली. कोण कुठून आली, कुणाबरोबर आली, कोण जरा जास्तच रडते आहे. जांभळ्या साडीतली एक बाई तर असे हुंदके देत होती की माझं रडणं जागच्या जागी थांबलं. चौकशी केली तेव्हा ती केडगावची माझीच चुलत मावशी निघाली. तिला कुणाच्याही दहाव्याला असंच रडू येतं. सुवर्णा मला कोपरानं ढोसून म्हणाली, "आई, आज तरी गप बस की गं." लेकीला तिची आई बरोबर कळते.

तुम्हाला जाऊन आज महिना झाला. येणारा-जाणारा एकच सांगतो, फार साधा माणूस होता, देवमाणूस. मी मान डोलावते आणि मनात म्हणते, यांना काय माहीत? नऊ वर्षांपूर्वीच्या एका सोमवारी दुपारी तुम्ही कुणाबरोबर होता, हा आपला वाद काही मिटला नाही. मिटला नाही म्हणजे मी मिटू दिला नाही. मला एक गोष्ट तुम्हाला सांगायची होती. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले आणि तुम्ही निघून गेलात. ती सांगायला म्हणून ही वही उघडली. पण मी सरळ मुद्द्यावर कधी येत नाही, हे तुम्हाला नवीन नाही.

तेव्हा आपण दौंडला दोन खोल्यांत राहत होतो आणि तुम्ही कुरकुंभच्या केमिकल कंपनीत ऑपरेटर होता. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. चौदा वर्षांत आपण दोघंच कुठं गेलो असू तर दवाखान्यात. आणि एका रविवारी सकाळी, दाढीचा साबण तोंडाला तसाच, आरशात बघत तुम्ही म्हणालात, "बुधवारी पिच्चरला जाऊ. आन् भाईरच जेवू."

भाकरी थापता थापता माझा हात थांबला. "कोण कोण?"

"कोण कोण काय? आपण दोघं. सुवर्णी राहील शेजारच्या काकूंकडं."

"का पण?"

"का म्हंजी? असंच."

असंच! आमटीत मीठ नसलं तरी मुकाट जेवून उठणारा माणूस, पगारवाढ झाली तर आठ दिवसांनी सांगणारा माणूस, तो बायकोला असंच पिक्चरला न्यायला निघतो? मी म्हटलं, "आन् आडवारी कशाला? पुढच्या रविवारी जाऊ की."

"रविवारी गर्दी असती. वळखीची माणसं भेटत्यात."

झालं. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथं. स्वतःच्या लग्नाच्या बायकोबरोबर हिंडताना ओळखीच्या माणसाची भीती कुणाला वाटते? आता वाटतं, ती भीती नव्हती, लाज होती. आपल्या घराण्यात बायकोला शेजारी बसवून हॉटेलात जेवलेला पुरुष तुमच्याआधी झालाच नव्हता. तुमच्या वडिलांचा, आमच्या आबांचा, जन्म मेंढरांमागं गेला. ते जेवायला बसले की सासूबाई पाठ करून बसायच्या. पण त्या रविवारी मला लाज दिसली नाही, लपवाछपवी दिसली.

त्यात तुम्ही कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागं सगळं लिहून काढलं. साडेतीनचा खेळ. साडेसहाला सुटणार. सातला जेवण. सव्वाआठला घरी. सव्वानऊला कंपनीची बस. त्या आठवड्यात तुमची थर्ड शिफ्ट होती म्हणून एवढं काटेकोर, असं तुम्ही म्हणालात. मी तो कागद दोनदा वाचला. वेळापत्रक एवढं तोंडपाठ कुणाला असतं? ज्यानं आधी कुणाला तरी नेलेलं असतं त्याला.

आणि खोटं कशाला बोलू, हे सगळं डोक्यात चालू असतानाच मी ट्रंकेतली मोरपंखी साडी काढून इस्त्रीला दिली होती. ब्लाउज दंडात घट्ट होत होता, त्याची शिवण सोडवली. काकूंकडून गजरेवालीचा पत्ता काढला. रागावलेही होते आणि हुरळलेही होते. एकाच डोक्यात दोन बायका भांडत होत्या म्हणा ना.

मग तो सोमवार आला. नाइट करून आलेला माणूस दिवसा झोपतो, हे कामगाराच्या बायकोला सांगावं लागत नाही. तुमच्या झोपेसाठी मी खिडकीला पोतं बांधायची, कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही, चाळीतल्या पोरांना अंगणातून हाकलायची. झोपेपुढं तुम्हाला काही सुचायचं नाही. सख्ख्या मावसभावाच्या लग्नात अक्षता टाकून तुम्ही मांडवात आडवे झाला होता. आणि त्या सोमवारी तीनला तुम्ही उठलात. आपल्या आपण उठलात, डोक्याला तेल लावलंत, इस्त्रीचा शर्ट घातलात.

"कुठं?"

"हाय जरा काम. स्टेशनकडं."

स्टेशनकडच्या कामाला इस्त्रीचा शर्ट! परत आलात तेव्हा साडेसात वाजून गेले होते. मी ताट वाढलं तर म्हणालात, "भूक न्हाई." चौदा वर्षांत हे दोन शब्द तुमच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. ताप असला तरी तुम्ही दीड भाकरी खायचात. मी काही बोलले नाही. बोलले नाही म्हणजे माझं डोकं किती फिरलं असेल ते तुम्हीच समजा. तुम्ही डबा उचलून कंपनीच्या बसला गेलात आणि मी तुमच्या सतरंजीवर बसून राहिले.

मंगळवारी शर्ट धुवायला घेतला. खिशात तिकीट. बाल्कनीचं, अर्धं फाडलेलं, स्टेशनपलीकडच्या टॉकीजचं. ज्या पिक्चरला बुधवारी मला नेणार होता, त्याचंच. तिकीट एकच होतं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, एकच तिकीट म्हणजे एकटाच गेला असेल. मी तसली नाही. मी म्हटलं, एक याच्याकडं, म्हणजे दुसरं तिच्याकडं.

तरी मी बुधवारी गेले. का गेले? मला बघायचं होतं. तुम्ही किती वेळ ताकास तूर लागू देत नाही ते बघायचं होतं. मोरपंखी साडी नेसले, गजरा माळला आणि स्कूटरवर तुमच्या मागं बसले. इतर बायका नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवतात, मी स्टेपनीला धरून बसले.

टॉकीजमध्ये शिरलो आणि तुम्ही अंधारातही सराईतासारखे चालायला लागलात. "हितं बस. ह्या पंख्याचं वारं लागतं. आन् त्या कडंच्या खुर्चीवर बसू नगं, तिचं फळकूट निसटतं." मी बसले. पिक्चर सुरू झाला. मला त्यातलं आज काहीसुद्धा आठवत नाही, कारण मी पडद्याकडं बघतच नव्हते, तुमच्याकडं बघत होते. विनोद व्हायच्या आधी तुमच्या ओठांवर हसू यायचं. पडद्यावर कुणी मरायच्या आधी तुम्ही माझ्या हातात रुमाल दिलात. आणि मध्येच म्हणालात, "चल, भाईर जाऊन वडा खाऊ," आणि मला उठवून बाहेर नेलंत. आतून गाण्याचा आवाज येत होता, शिट्ट्या चालल्या होत्या. तुम्ही घड्याळात बघून म्हणालात, "आता चल, झालं ते." उघड्यानागड्या बायकांचं गाणं मला दिसू नये म्हणून तो सगळा खटाटोप. तुम्हाला मात्र ते नेमकं कधी सुरू होतं आणि कधी संपतं, ते मिनिटावर माहीत.

मी दात दाबून होते. मनात म्हटलं, हॉटेलात बोलू.

कुरकुंभ रोडच्या त्या हॉटेलाला फॅमिली रूम होती. लाकडी फळ्यांचे आडोसे आणि पुढं पडदे. आपण पायरी चढतोय तोच मिशीवाला वेटर लांबूनच हसत पुढं आला. "आओ साब, आओ. परसोंवालाच टेबल देऊ?"

तुमचं तोंड मी पाहिलं. माझंही तुम्ही पाहिलं असेलच.

पडदा ओढला आणि मी बसायच्याही आधी विचारलं, "परवा कोण होती संगं?"

"कोन न्हवतं. एकटाच आलतो."

"फॅमिली रूमात एकटा?"

"व्हय."

"पिच्चरलाबी एकटाच?"

तुम्ही दचकलात. तिकीट मी पाहिलं असेल, हे तुमच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग तुम्ही बोलायला लागलात. दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस त्या संध्याकाळी सलग किती बोलला! "आमच्याकडं नवा माल करायचा असला ना, तर पयल्यांदा खरा माल टाकत न्हाईत. रिॲक्टर नुस्त्या पाण्यावर चालवून बघत्यात. कुठं गळतंय, कुठला व्हॉल्व्ह अडकतोय, ते कळतं. वॉटर ट्रायल म्हनत्यात तिला. मग खरी बॅच."

"म्हंजी मी बॅच व्हय?"

"तसं न्हाई गं. तू पयल्यांदाच हाटेलात येणार. हितलं कार्ड समदं इंग्रजीत. तुझ्यापुढं मला वाचता न्हाई आलं तर? म्हनून आधी येऊन त्याला एकेक इचारून घेतलं. अंडाकरी झणझणीत असती, तुला पित्त होतं. हंडी बरी हाय. बायकांच्या बाथरूमला कडी हाय का न्हाई तेबी बघून आलोय."

"बायकांच्या बाथरूमात कशाला शिरला होता?"

तुम्ही पडदा सारून वेटरला हंडी सांगितली. हंडी आली. तिचा वास अजून नाकात आहे. मी एक फोड खाल्ली आणि ताट सरकवून म्हटलं, "मला भूक न्हाई." सोमवारचे तुमचे शब्द तुम्हालाच परत केले. तुम्हीही जेवला नाहीत. कागदावर लिहिल्याप्रमाणं सव्वाआठला नाही, साडेसातलाच आपण घरी पोचलो. सुवर्णी काकूंच्या दारातूनच ओरडली, "एवढ्यात आलात?"

त्यानंतर तुम्ही मला कधी कुठं नेलं नाहीत. मीही म्हटलं नाही. पण वाद मात्र सोडला नाही. बसला उशीर झाला की, "काय, परवाचं टेबल का?" नवा शर्ट घेतलात की, "परवाच्या टेबलासाठी व्हय?" आणि तुम्ही दर वेळी चुलीजवळ पाट ओढून बसायचात आणि पहिल्यापासून सगळं समजावून सांगायचात. रिॲक्टर, पाणी, व्हॉल्व्ह, कार्ड, कडी. कधी चिडायचात, एकदा तर तांब्या आपटलात. पण सांगायचात. मी भाकऱ्या थापत ऐकायची आणि शेवटी म्हणायची, "सांगायला काय जातंय?"

आता त्या गोष्टीकडं येते.

सुवर्णाची दहावी झाली आणि तिला पुढं शिकायला शिरूरला वसतिगृहात ठेवायचं ठरलं. आपण तिघं एसटीनं गेलो. तिची वळकटी, पत्र्याची पेटी, लोणच्याची बरणी. तुम्ही पेटी घेऊन फाटकाशीच थांबलात, प्रवेशाच्या गर्दीमुळं त्या दिवशी वॉचमन पुरुषांना आत सोडत नव्हता. मी आणि सुवर्णा आत गेलो. वसतिगृहाच्या बाई वहीत नाव लिहिता लिहिता म्हणाल्या, "ह्या मुलीचे वडील मंगळवारी येऊन गेले. पाणी किती वाजता येतं, रात्री दाराला कुलूप कोण लावतं, सगळं विचारून गेले. आमच्या जेवणघरात बसून एक पोळी आणि डाळ खाऊन बघितली हो त्यांनी! असा पालक मी पाहिला नाही."

आणि मी काय विचारलं असेल? विचारलं, "एकटेच आले होते का?"

बाई हसल्या. "एकटेच. आणि जाताना म्हणाले, मुलीच्या आईला सांगू नका, तिला उगीच शंका येतात."

मंगळवारी तुम्ही मला सांगितलं होतं, कंपनीत ओव्हरटाइम आहे.

परतीच्या एसटीत न्हावरा गाव येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. लेकीला सोडून आली म्हणून रडते आहे, असं तुम्हाला वाटलं, आणि तुम्ही न बोलता शेंगदाण्यांची पुडी पुढं केलीत. मला आठवत होते आबा. मेंढरं हलवायच्या आदल्या दिवशी आबा एकटेच पुढं जाऊन रान बघून यायचे. चारा किती आहे, पाणी कुठं आहे, रानाचा मालक भांडकुदळ आहे का. मग दुसऱ्या दिवशी मेंढरं आणि बायकापोरं निघायची. सासूबाईंनी मला हे कितीदा सांगितलं होतं. नवऱ्याचं एवढंच कौतुक त्या करायच्या. आणि ज्या बाईला आबांचं हे माहीत होतं, तिला आबांचा मुलगा कळला नाही. माझ्या पायाखाली खडा टोचू नये म्हणून तुम्ही दोन दिवस आधी झोप मोडून ती वाट चालून आला होता. आणि वाट चालल्याचीच शिक्षा मी तुम्हाला दिली.

त्या एसटीत माझा तुमच्यावर पुरता विश्वास बसला. हीच ती गोष्ट. पाच वर्षं झाली तिला.

मग सांगितलं का नाही, असं तुम्ही विचाराल. मीही रोज स्वतःला विचारते. शरम वाटली, हे आहेच. पण सगळं खरं ते नाही. खरं असं की तो वाद मिटला असता तर तुम्ही बोलायचे थांबला असता. सुवर्णा शिरूरला गेली, घर रिकामं झालं. तुम्ही यायचात, जेवायचात, झोपायचात. तुम्हाला पाटावर बसवून तासभर बोलतं करायचा एकच उपाय मला ठाऊक होता. "कोण होती?" एवढं म्हटलं की तुम्ही माझ्यासमोर येऊन बसायचात, माझ्याकडं बघून बोलायचात, माझ्यासाठी काय काय केलं होतं ते पहिल्यापासून सांगायचात. अंडाकरी झणझणीत असती, तुला पित्त होतं. हे वाक्य ऐकायला मी किती भांडणं उकरून काढली, देवच जाणे. दुसऱ्या बायका नवऱ्याकडून लाड करून घेतात, मी जबानी घेतली.

आणि त्याची किंमत तुम्ही मोजलीत. चांगलं करायला गेलेल्या माणसाला मी नऊ वर्षं आरोपीसारखं बसवलं.

शेवटचं तर फारच जिव्हारी लागतं. सुवर्णाचं लग्न झालं, आणि गेल्या महिन्याच्या आधीच्या महिन्यात तुम्ही डबा भरता भरता म्हणालात, "बुधवारी जायचं का कुठं? दोघंच." नऊ वर्षांनी.  व्हय म्हणायला तोंड उघडलं आणि जिभेनं घात केला. सवयीनं म्हटलं, "आधी बघून आलाय का? आन् ह्या वेळी कोण होती?"

तुम्ही डब्याचं झाकण लावलंत. मग म्हणालात, "न्हाई गेलो अजून. राहू दे."

आणि बसला निघून गेलात. मी ठरवलं, बुधवारी आपणच साडी नेसून तयार बसायचं, काही बोलायचंच नाही. त्या आठवड्यात तुमची शिफ्ट बदलली. पुढच्या आठवड्यात तुमच्या मामांचं आजारपण निघालं. त्याच्या पुढच्या सोमवारी सकाळी तुमच्या छातीत कळ आली आणि तासाभरात सगळं संपलं.

"राहू दे" म्हणताना तुमच्या मनात काय होतं? बायको आपल्याला लबाड समजते, असंच धरून गेलात का हो? मला दुसरं काही सुचत नाही. भांडी घासताना तेच, दिवा लावताना तेच.

पण काल एक आठवलं. गेल्या दिवाळीत मी फराळाचं तळताना तुम्हाला टोमणा मारला आणि तुम्ही नेहमीसारखं रिॲक्टरपासून सुरू केलंच नाहीत. चकलीचा तुकडा तोंडात टाकून गंभीर चेहऱ्यानं म्हणालात, "होती एक. तुझ्यावाणीच कटकटी होती. हंडी मातर पोटभर खाल्ली तिनं." मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. सुवर्णा मात्र माहेरपणाला आली होती, तिनं मला सांगितलं की बाबा अंगणात जाऊन एकटेच हसत होते.

का हसत होता? वसतिगृहाच्या बाईंनी तुम्हालाही काही सांगितलं होतं का? एसटीत माझं तोंड बघून तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का? मी विश्वास ठेवून भांडते आहे, हे ओळखून तुम्हीही पाटावर येऊन बसत होता का, मला बरं वाटतं म्हणून?

आता मला असा संशय येतो आहे. जन्मभर मी देवाला हात जोडून म्हणत आले, माझा संशय खोटा ठरू दे. हा एवढा एक खरा निघू दे.